कॅथॉलिक विद्यापीठाचे ध्येय आणि दूरदृष्टी : संत जॉन हेन्री न्यूमन यांचे डब्लिनमधील विद्यापीठ

१ नोव्हेंबर २०२५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, पोप लिओ चौदावे यांनी संत जॉन हेन्री न्यूमन यांना ‘ख्रिस्तसभेचे आचार्य’ म्हणून घोषित केले. शिक्षणक्षेत्राच्या ज्युबिलीनिमित्त जगभरातील शिक्षक व विद्यार्थी त्या वेळी रोममध्ये जमले होते. त्याच सुमारास संत थॉमस अक्वायनस यांच्यासमवेत संत न्यूमन यांना कॅथॉलिक शिक्षणाचे आश्रयदाते संत म्हणूनही मान देण्यात आला.

या घोषणेने आम्हांला विचार करावयास लावले. न्यूमन यांनी आयुष्यात एकदाच एक विद्यापीठ उभारले आणि जगाच्या दृष्टीने ते फसले. विद्यार्थी थोडे आले, पैसा अपुरा पडला, पदव्यांना सरकारमान्यता मिळाली नाही आणि अखेरीस न्यूमन यांनी राजीनामा दिला. असे असताना कॅथॉलिक शिक्षणाच्या आश्रयदात्यांमध्ये त्यांची गणना का व्हावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना कॅथॉलिक विद्यापीठाचे ध्येय कोणते आणि त्याची दूरची आकांक्षा कोणती, हे आपोआप उलगडत जाते. आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुलेमुली आज पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही माहिती येथे एकत्रित देत आहोत.

ख्रिस्तसभा आणि विद्यापीठे

विद्यापीठ ही संस्था युरोपात बाराव्या-तेराव्या शतकांत आकारास आली. तिच्या लॅटिन नावाचा मूळ अर्थ ‘संघ’ असा आहे. एकत्र राहून विद्येची उपासना करणाऱ्या गुरुशिष्यांचा संघ म्हणजे विद्यापीठ. बोलोन्या, पॅरिस व ऑक्सफर्ड ही त्यांतील आद्य विद्यापीठे होत. पॅरिस विद्यापीठाचे हक्क पोप ग्रेगरी नववे यांनी १२३१ साली एका आज्ञापत्राद्वारे सुरक्षित केले. बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठ पोप मार्टिन पाचवे यांच्या आज्ञापत्रान्वये १४२५ साली स्थापन झाले. २०२५ साली त्यास सहाशे वर्षे पूर्ण झाली.

या विद्यापीठांचा मार्ग सरळ नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात, १७९७ साली, लुव्हेन विद्यापीठ बंद करण्यात आले. १८३४ साली बेल्जियमच्या बिशपांनी कॅथॉलिक विद्यापीठाची नव्याने स्थापना केली आणि पुढील वर्षी ते पुन्हा लुव्हेनला आले. याच विद्यापीठात धर्मगुरू जॉर्ज लमेत्र हे प्राध्यापक होते. विश्व प्रसरण पावत आहे हा सिद्धान्त त्यांनी १९२७ साली मांडला. पुढे ‘महास्फोट सिद्धान्त’ म्हणून ओळखल्या गेलेल्या विचाराचे ते एक जनक मानले जातात. नव्याने उभे राहिलेले हेच लुव्हेन रोमने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडपुढे आदर्श म्हणून ठेवले.

आयर्लंडची परिस्थिती

आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक होती, परंतु देशावर इंग्रजांची सत्ता होती. डब्लिनमध्ये ट्रिनिटी कॉलेज १५९२ पासून होते. तेथे कॅथॉलिकांना १७९३ पासून शिकता व पदवी घेता येत असे, तरी फेलोशिपसारखी मानाची पदे त्यांच्यासाठी १८७३ पर्यंत बंदच होती. १८४५ साली सरकारने बेलफास्ट, कॉर्क व गॉलवे येथे तीन ‘क्वीन्स कॉलेजेस’ स्थापन करण्याचे ठरविले. ही महाविद्यालये सर्व पंथांच्या विद्यार्थ्यांसाठी खुली होती, मात्र त्यांच्या अधिकृत अभ्यासक्रमात धर्मशिक्षणाला स्थान नव्हते. अनेक बिशपांना ही योजना घातक वाटली, तर काहींना उपलब्ध संधीचा लाभ घ्यावा असे वाटले.

त्याच वर्षी बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि महादुष्काळास प्रारंभ झाला. १८४५ ते १८४९ या काळात सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मरण पावली आणि जवळजवळ तितकीच माणसे देश सोडून गेली. देश असा खचलेला असतानाच, १८५० साली, थर्लस येथील धर्मसभेत बिशपांनी स्वतंत्र कॅथॉलिक विद्यापीठ उभारण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी राजाश्रय किंवा मोठे धनिक पाठीशी नव्हते. दुष्काळातून नुकत्याच सावरणाऱ्या धर्मग्रामांतून लोकांनी वर्गणी दिली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आयरिश बांधवांनीही पैसे पाठविले. या विद्यापीठाचा पाया गरिबांच्या पैशावर घातला गेला, हे विसरून चालणार नाही.

न्यूमन यांची निवड

आर्चबिशप पॉल कलन यांनी या कार्यासाठी जॉन हेन्री न्यूमन यांना पाचारण केले. न्यूमन यांचा जन्म लंडन येथे २१ फेब्रुवारी १८०१ रोजी झाला. ऑक्सफर्डच्या ओरियल कॉलेजचे ते फेलो होते. अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू व प्रभावी प्रवचनकार म्हणून त्यांची ख्याती होती. दीर्घ अभ्यास व प्रार्थनेनंतर ९ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांनी कॅथॉलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्यासाठी ऑक्सफर्डमधील प्रतिष्ठा, स्नेहीजन आणि स्थैर्य यांवर त्यांना पाणी सोडावे लागले. पुढे धर्मगुरुदीक्षा घेऊन त्यांनी बर्मिंगहॅम येथे संत फिलिप नेरी यांच्या परंपरेतील ओरॅटोरियन संघाचे घर स्थापन केले.

१८५२ च्या मे महिन्यात न्यूमन यांनी डब्लिनमध्ये विद्यापीठाच्या स्वरूपावर व्याख्याने दिली. ही व्याख्याने, त्यासोबत लिहिलेली इतर भाषणे व नंतरचे काही निबंध मिळून त्यांचा ‘विद्यापीठाची संकल्पना’ या आशयाचा ग्रंथ १८७३ साली सिद्ध झाला. १८५४ च्या जूनमध्ये रेक्टर, म्हणजेच कुलगुरू, म्हणून त्यांचा पदग्रहणविधी झाला आणि ३ नोव्हेंबर १८५४ रोजी सेंट स्टीफन्स ग्रीन या चौकातील एका जुन्या वाड्यात मूठभर विद्यार्थ्यांसह विद्यापीठ सुरू झाले.

न्यूमन यांनी मांडलेले ध्येय

न्यूमन यांच्या विचारांतील चार प्रमुख सूत्रे येथे आमच्या शब्दांत देत आहोत.

पहिले सूत्र ज्ञानाच्या अखंडतेचे. विद्यापीठात सर्व विद्यांना स्थान असावे, असे न्यूमन मानीत. सर्व विद्या एकाच सत्याची निरनिराळी अंगे आहेत आणि त्या एकमेकींना पूरक ठरतात व मर्यादाही घालतात. त्यांतून एक विद्या काढून टाकली, तर तिची जागा रिकामी राहत नाही. शेजारची विद्या ती जागा बळकावते आणि आपल्या अधिकाराबाहेरच्या प्रश्नांवर निर्णय देऊ लागते. म्हणूनच ईशज्ञानाला विद्यापीठात स्थान हवे, आणि त्याच न्यायाने ईशज्ञानानेही भौतिकशास्त्राच्या वा इतिहासाच्या प्रांतात लुडबुड करू नये. सत्य सत्याला विरोध करीत नाही, असा त्यांचा विश्वास होता. संशोधकाला आपल्या पद्धतीने शोध घेण्यास मोकळीक दिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

दुसरे सूत्र बुद्धीच्या संस्काराचे. नोकरीसाठी उपयोगी पडणारे शिक्षण न्यूमन यांना वर्ज्य नव्हते. त्यांनी स्वतः वैद्यकीय विद्यालय काढले. पण व्यवसाय कोणताही असो, माणसाला नीट विचार करता यावा, दुसऱ्याचे म्हणणे समजून घेता यावे, महत्त्वाचे व क्षुल्लक यांतील भेद ओळखता यावा, हे विद्यापीठाचे मुख्य देणे आहे, असे ते म्हणत. अशी घडलेली बुद्धी स्वतःच एक मोलाची संपत्ती आहे, तिचे मोल केवळ मिळकतीवर ठरत नाही.

तिसरे सूत्र विद्येच्या मर्यादेचे. सुसंस्कृत बुद्धी माणसाला सभ्य करते, पण संत करीत नाही, हे न्यूमन यांनी स्पष्टपणे सांगितले. उच्चविद्याविभूषित माणूसही अहंकारी व कठोर असू शकतो. त्यासाठी विद्यापीठाला ख्रिस्तसभेची साथ हवी. १८५६ साली त्यांनी विद्यापीठाशेजारी चर्च उभारले. त्या वर्षीच्या मे महिन्यात, संत मोनिका यांच्या सणाच्या प्रवचनात, त्यांनी आपली इच्छा बोलून दाखविली. ज्ञान एका ठिकाणी व भक्ती दुसऱ्या ठिकाणी अशी वाटणी त्यांना नको होती. ही दोन्ही एकाच माणसात नांदावीत, प्रापंचिक भक्तिमान असावेत आणि धर्मगुरू विचारवंत असावेत, असे त्यांना वाटत होते.

चौथे सूत्र सहवासाचे. केवळ परीक्षा घेऊन पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठापेक्षा, तरुणांना काही वर्षे एकत्र राहू देणारे व एकमेकांकडून शिकू देणारे विद्यापीठ त्यांना अधिक पसंत होते. त्यांनी डब्लिनमध्ये विद्यार्थ्यांना लहान लहान निवासगृहांत ठेवले. प्रत्येक घराला एक प्रमुख, एक उपासना-मंदिर आणि अभ्यासात मार्गदर्शन करणारे शिक्षक अशी रचना होती. एका घराची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. शिक्षकाचा विद्यार्थ्यावर प्रत्यक्ष प्रभाव पडला नाही, तर शिक्षणाची व्यवस्था बर्फासारखी थंड व निर्जीव होते, असे त्यांचे मत होते.

प्रत्यक्ष कार्य

चार वर्षांच्या अल्प काळात न्यूमन यांनी पुष्कळ कामे मार्गी लावली. डब्लिनच्या सेसिलिया स्ट्रीटवरील वैद्यकीय विद्यालय १८५५ साली सुरू झाले. विज्ञान व वाङ्मय यांतील संशोधन प्रसिद्ध करण्यासाठी ‘अटलांटिस’ हे नियतकालिक १८५८ साली निघाले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सायंकालीन वर्गही भरू लागले.

या सर्वांत एक गोष्ट आम्हां मराठी वाचकांना विशेष भावते. त्या काळी आयरिश भाषा ही अडाण्यांची व दरिद्री लोकांची भाषा समजली जात असे. दुष्काळात आणि स्थलांतरात तिचे लक्षावधी भाषक नाहीसे झाले होते. न्यूमन स्वतः इंग्रज होते आणि त्यांना ही भाषा येत नव्हती. तरीही त्यांनी यूजीन ओकरी यांना आयरिश इतिहास व पुराविद्येचे प्राध्यापक नेमले. ओकरी हे शेतकऱ्याचे पुत्र. विद्यापीठाची पायरी न चढता त्यांनी स्वाध्यायाने जुन्या आयरिश हस्तलिखितांवर प्रभुत्व मिळविले होते. त्यांच्या व्याख्यानांना कुलगुरू न्यूमन स्वतः श्रोता म्हणून बसत. ही व्याख्याने विद्यापीठाच्या खर्चाने १८६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आयरिश अक्षरांच्या छपाईसाठी विद्यापीठाने नवे खिळेही तयार करवून घेतले. पुढे आयरिश भाषेच्या अभ्यासकांना या ग्रंथाचा मोठा आधार झाला. ज्या भाषेत गरीब माणूस प्रार्थना करतो, ती भाषाही विद्यापीठाच्या आदरास पात्र आहे, हे यातून दिसून आले.

अपयशाची कारणे

विद्यापीठाची घडी मात्र बसली नाही. त्याची कारणे सांगितली पाहिजेत, कारण ती आजही उपयोगी आहेत.

एक तर ब्रिटिश सरकारने विद्यापीठाला सनद दिली नाही. पदवीला कायद्याची मान्यता नसल्याने पालक मुलांना तेथे पाठविण्यास कचरत. वैद्यकीय विद्यालयाचे विद्यार्थी अन्य मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षा देऊ शकत असल्याने तेवढा एकच विभाग भरभराटीस आला. दुसरे असे की, उच्च शिक्षण परवडेल असा कॅथॉलिक मध्यमवर्ग त्या वेळी आयर्लंडमध्ये लहानच होता. तिसरे, बिशपांमध्येच एकवाक्यता नव्हती. काहींना विद्यापीठ नको होते आणि काहींना ते सेमिनरीसारखे कडक शिस्तीचे हवे होते. आर्चबिशप कलन डब्लिनमध्ये आणि न्यूमन यांचा संघ बर्मिंगहॅममध्ये, त्यामुळे न्यूमन यांना समुद्र ओलांडून वारंवार ये-जा करावी लागे व पत्रांची उत्तरे वेळेवर मिळत नसत.

चौथे कारण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. विद्यापीठाच्या हिशेबाचे व व्यवस्थापनाचे काम प्रापंचिकांच्या समितीकडे सोपवावे, असे न्यूमन यांचे मत होते. पैसा जनतेने दिला आहे, तेव्हा विश्वासही तिच्यावर टाकला पाहिजे, असा त्यामागील विचार होता. ही सूचना मान्य झाली नाही. धर्मगुरू नसलेल्या सुशिक्षित कॅथॉलिकांना आपल्याच विद्यापीठात परकेपणा वाटला आणि त्यांचा उत्साह ओसरला. पुढे १८५९ साली, धर्मतत्त्वांच्या संदर्भात श्रद्धावंतांचे मत जाणून घेण्याविषयी न्यूमन यांनी जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यामागे हा अनुभवही असावा, असे आम्हांस वाटते.

त्या विद्यापीठाला काळाच्या मर्यादाही होत्या. तेथे केवळ पुरुष विद्यार्थी होते. आयर्लंडमध्ये स्त्रियांना पहिल्या पदव्या मिळण्यास १८८४ साल उजाडावे लागले.

१८५८ साली न्यूमन यांनी पदत्याग केला व ते बर्मिंगहॅमला परतले. १८७९ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना कार्डिनलपद दिले. ११ ऑगस्ट १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १९ सप्टेंबर २०१० रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. केरळच्या मरियम थ्रेसिया यांनाही त्याच मिस्साबलिदानात संत म्हणून घोषित करण्यात आले होते.

बीज रुजले

न्यूमन गेल्यानंतरही ते लहानसे विद्यापीठ तग धरून राहिले. १८८३ साली त्याची मुख्य शाखा येशूसंघीयांकडे सोपविण्यात आली व ती ‘युनिव्हर्सिटी कॉलेज’ म्हणून ओळखली जाऊ लागली. इंग्रजी कवी आणि येशूसंघीय धर्मगुरू जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे १८८४ पासून १८८९ साली मृत्यू येईपर्यंत तेथे ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. १९०८ च्या कायद्याने आयर्लंडचे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले आणि युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन हा त्याचा घटक झाला. सेसिलिया स्ट्रीटचे वैद्यकीय विद्यालयही त्यात सामील झाले. आज ही आयर्लंडमधील एक मोठी सार्वजनिक शिक्षणसंस्था आहे.

एक गोष्ट येथे प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. नव्या कायद्यानुसार ही संस्था कोणत्याही पंथाची राहिली नाही. म्हणजे विद्या टिकली, पण ‘कॅथॉलिक’ हे नाव गेले. पंथाच्या भिंतीमुळे ज्यांना मानाच्या जागा नाकारल्या गेल्या होत्या, त्यांच्या नातवंडांना पदवीचा मार्ग मोकळा झाला, हे त्या बीजाचे फळ आहे. त्याचबरोबर, श्रद्धा व विद्या यांना एकत्र ठेवणे हे किती अवघड काम आहे, याचीही ती साक्ष आहे.

आजची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्र प्रसिद्ध केले. हुशार पण गरीब विद्यार्थ्यांना, विशेषतः नवोदित राष्ट्रांतील विद्यार्थ्यांना, कॅथॉलिक विद्यापीठांत सहज प्रवेश मिळावा, असे त्यात म्हटले आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या संहितेत कॅथॉलिक विद्यापीठांविषयी स्वतंत्र नियम आहेत. संबंधित धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवाचून कोणत्याही विद्यापीठाने ‘कॅथॉलिक’ ही उपाधी धारण करू नये, असा त्यांतील एक नियम आहे.

१५ ऑगस्ट १९९० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘एक्स कॉर्दे एक्लेझिए’ हे प्रेषितीय संविधान प्रसिद्ध केले. या नावाचा अर्थ ‘ख्रिस्तसभेच्या अंतःकरणातून’ असा आहे. कॅथॉलिक विद्यापीठाची चार आवश्यक लक्षणे त्यात सांगितली आहेत. त्यांचा आशय असा : व्यक्तींच्या आणि संपूर्ण विद्यापीठ-परिवाराच्या जीवनाला ख्रिस्ती प्रेरणा असावी, मानवी ज्ञानाच्या वाढत्या भांडारावर श्रद्धेच्या प्रकाशात सतत चिंतन व्हावे आणि संशोधनाने त्यात भर घातली जावी, ख्रिस्तसभेद्वारे लाभलेल्या ख्रिस्ती संदेशाशी निष्ठा असावी, आणि देवाच्या प्रजेची व सकल मानवजातीची सेवा करण्यास संस्था म्हणून विद्यापीठ बांधील असावे.

याच संविधानात संशोधनाच्या स्वातंत्र्याची हमी आहे, अन्य धर्मीयांच्या सदसद्विवेकबुद्धीचा आदर आहे आणि परंपरेने उच्च शिक्षणापासून वंचित राहिलेल्या गरीब व अल्पसंख्य गटांसाठी दार उघडे ठेवण्याचा आग्रह आहे. न्यूमन यांची सूत्रे येथे ठळकपणे दिसतात. सेवेचे व न्यायाचे जे अंग त्यांच्या व्याख्यानांत काहीसे पुसट होते, ते येथे स्पष्ट झाले आहे.

महाराष्ट्राशी असलेला संबंध

न्यूमन डब्लिनमध्ये कुलगुरू असतानाच, १८ जुलै १८५७ रोजी, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर त्या वेळी त्याचे काम मुख्यतः परीक्षा घेणे व पदव्या देणे हे होते आणि शिकविण्याचे कार्य संलग्न महाविद्यालये करीत. न्यूमन यांनी ज्या पद्धतीचे दोष दाखविले, तीच ही पद्धत होती. त्यामुळे विद्यार्थी घडविण्याची खरी जबाबदारी महाविद्यालयांवर आली.

ही जबाबदारी कशी पार पाडता येते, याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. जर्मन येशूसंघीयांनी १८६९ साली सेंट झेवियर्स कॉलेज स्थापन केले. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी पश्चिम भारतातील वनस्पतींचा अभ्यास केला व त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही तेथे जतन केलेला आहे. स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईत आले. भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी त्यांनी १९२६ साली एक संस्था स्थापन केली, तीच पुढे हेरास इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्ध झाली. परदेशातून आलेल्या या धर्मगुरूंनी येथील माती, येथील झाडे आणि येथील इतिहास यांचा सन्मान केला. ओकरी यांना प्राध्यापक नेमणारे न्यूमन आणि हे धर्मगुरू यांच्यात हे साम्य आहे.

पुण्यातील ज्ञानदीप विद्यापीठ ही ईशज्ञान व तत्त्वज्ञान शिकविणारी संस्था होय. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली श्रीलंकेतील कॅंडी येथे स्थापन केलेल्या सेमिनरीत तिचे मूळ आहे. ही सेमिनरी १९५५ साली पुण्यात आली. बंगळुरूच्या ख्राइस्ट कॉलेजला २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संत कुरियाकोस एलियास चावरा यांच्या सीएमआय संघाची ही संस्था असून तिची एक शाखा पुणे जिल्ह्यात लवासा येथेही आहे. कोलकात्यात २०१७ साली सेंट झेवियर्स विद्यापीठ सुरू झाले. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क भारतीय संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना दिला आहे. न्यूमन यांना ब्रिटिश सरकारकडून जी मान्यता मिळाली नाही, ती आपल्या विद्यापीठांना देशाच्या कायद्याखाली मिळाली आहे. म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे.

दूरची आकांक्षा

विद्यापीठांच्या इतिहासावर लिहिताना न्यूमन यांनी एक स्वप्न रंगविले होते. भविष्यकाळातील आयर्लंडमध्ये एक भरभराटलेले विद्यापीठ त्यांना दिसत होते. तेथे अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून, इजिप्तमधून आणि भारतातूनही विद्यार्थी येत आहेत, आणि तेही अद्याप शोध न लागलेल्या वेगवान वाहनांनी, असे त्यांनी लिहिले आहे.  आज भारतातील विद्यार्थी विमानाने डब्लिनला जातात, तेव्हा त्या स्वप्नाचा अर्धा भाग खरा झालेला दिसतो. त्या सर्वांना एकाच श्रद्धेने व विशाल ज्ञानाच्या ओढीने एकत्र आणावे, हा उरलेला अर्धा भाग मात्र प्रत्येक पिढीला नव्याने उभारावा लागतो.

प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडते. कॅथॉलिक विद्यापीठाची आकांक्षा एका कुलगुरूच्या कारकिर्दीत मावत नाही. प्रवेशसंख्या, निकालाची टक्केवारी आणि नोकरीच्या पगाराचे आकडे यांना महत्त्व आहे. गरीब कुटुंबाच्या दृष्टीने तर ते फारच मोठे आहे. तरीही त्या संस्थेतून बाहेर पडलेला माणूस सत्याला घाबरत नाही ना, श्रद्धेची लाज बाळगत नाही ना आणि दुर्बलाकडे पाठ फिरवीत नाही ना, हीच अखेरची कसोटी राहते. न्यूमन यांनी ही कसोटी ख्रिस्तसभेच्या हाती दिली, म्हणून ते आज तिचे आचार्य आहेत.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे येत्या काळात मुलांसाठी महाविद्यालये व विद्यापीठे निवडतील. त्या वेळी शुल्क व अभ्यासक्रम पाहताना आणखी काही प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. येथे शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात का? विज्ञान शिकणाऱ्या मुलाला श्रद्धेविषयीच्या शंका मोकळेपणाने विचारता येतात का? मराठीतून शिकलेल्या, आदिवासी पाड्यातून आलेल्या मुलीला येथे मानाने वागविले जाते का? आणि ज्या प्रापंचिकांच्या दानावर या संस्था उभ्या राहतात, त्यांच्या सल्ल्याला तेथे जागा आहे का? या चौथ्या प्रश्नाकडे डब्लिनमध्ये दुर्लक्ष झाले आणि त्याची किंमत मोजावी लागली. आपल्या संस्थांचे संचालक, धर्मगुरू, शिक्षक आणि पालक या सर्वांनी मिळून तो प्रश्न वेळीच विचारला, तर दुष्काळातील आयरिश धर्मग्रामांनी पै-पैसा जमवून पेरलेले ते बीज आपल्या अंगणातही फळाला येईल.

संत जॉन हेन्री न्यूमन, आमच्या विद्यार्थ्यांसाठी व शिक्षकांसाठी विनंती करा.